मदत हवी: दोन इफेक्ट लूपचा फूटस्विच डबा केलाय, पण लाथ मारली की 'टप्प' होतं

सहातारी (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

सातारा-कऱ्हाड पट्ट्यात एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपती आणि नवरात्र ही आमची सुगी. अडचण अशी, की भावगीताला कोरस (आवाज दाट करणारं पेडल) आणि डिले (आवाज मागे घुमवणारं) लागतो आणि पुढच्याच गाण्याला डिस्टॉर्शन (आवाज फाडणारं). कधी कधी तर एकाच गाण्यात मुखड्याला साधा आवाज आणि मधल्या म्युझिकला फाटका. म्हणजे एका मात्रेत तीन पेडलं: कोरस बंद, डिले बंद, डिस्टॉर्शन चालू. मी गिटार वाजवतोय की भोंडल्याचा फेर धरलाय, ते समोरच्याला कळत नाही.

म्हणून एक डबा केला. ॲल्युमिनियमची ओतीव पेटी, सहा जॅक (गिटार इन, ॲम्प आउट, अ-सेंड, अ-रिटर्न, ब-सेंड, ब-रिटर्न; सेंडमधून आवाज पेडलांकडे जातो, रिटर्नमधून परत येतो, हा फेरा म्हणजे लूप) आणि मधे नऊ पायांचा थ्रीपीडीटी फूटस्विच. लूप 'अ' मध्ये कोरस-डिले, लूप 'ब' मध्ये ओव्हरड्राइव्ह-डिस्टॉर्शन. एका लाथेत अ, दुसऱ्या लाथेत ब. बॅटरी फक्त दोन एलईडींसाठी.

डबा चालतो! पण दोन तक्रारी आहेत.

एक, लाथ मारली की स्पीकरमधून 'टप्प'. साउंडवाल्याने परवा माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या मिक्सरवर चहा सांडलाय.

दोन, 'अ' वर असताना मागे बारीक खरखर येते, डिस्टॉर्शनच्या खोलीचं दार किलकिलं राहिल्यासारखी. आणि 'ब' वर गेन (आवाज किती वाढवायचा ते बटण) पूर्ण उघडला तर शिट्टी.

सोल्डरिंगचे डाग कच्चे आहेत का? स्विच खराब आहे का? गणपतीला बारा दिवस उरलेत.

रिकामा_खिसा · शनिवार, रात्री ११.५८

एवढा खटाटोप करण्यापेक्षा तयार लूप स्विचर मिळतो, तो घ्या की. मल्टिइफेक्ट घेतलात तर पेडलंही नकोत.

सहातारी · रविवार, रात्री १२.०६

घेतला असता हो. तुमचं नाव काय आहे ते एकदा वाचा, तोच माझा प्रॉब्लेम.

स्ट्रोजर_काका · रविवार, सकाळी ६.१५

दूरध्वनी खात्यात आयुष्य गेलं, रिले आणि कॉन्टॅक्ट यांच्याशीच संसार केला, म्हणून तोंड घालतो. गिटारमधलं मला शष्प कळत नाही, नातू वाजवतो.

स्विच खराब असेल तर 'चालतो पण' असं होत नाही, आवाज मधेच जातो-येतो. तेव्हा आधी त्याच्यावरचा आळ काढा. आता सांगा, कुठल्या पायावर काय जोडलंय? फोटो नको, शब्दांत लिहा. लिहिताना माणसाला स्वतःची चूक सापडते.

सहातारी · रविवार, सकाळी ९.३०

काका, नमस्कार.

डावी उभी ओळ: मधल्या पायावर गिटार इन, वर अ-सेंड, खाली ब-सेंड.
मधली ओळ: मधे ॲम्प आउट, वर अ-रिटर्न, खाली ब-रिटर्न.
उजवी ओळ: मधे ग्राउंड, वर एक एलईडी, खाली दुसरा. दोन्ही एलईडींचे प्लस एकत्र करून ४.७ के रेझिस्टरमधून ९ व्होल्टला.

स्ट्रोजर_काका · रविवार, सकाळी ९.५२

जोडणी तत्त्वतः बरोबर आहे. नवीन वाचकांसाठी फोड करून सांगतो. थ्रीपीडीटी म्हणजे एकाच दांडीला बांधलेले रेल्वेचे तीन सांधे. दांडी ओढली की तिन्ही मार्गांवरच्या गाड्या एकदम दुसऱ्या रुळावर. पहिला सांधा गिटारला अ किंवा ब कडे पाठवतो, दुसरा तिकडून आलेला आवाज ॲम्पकडे आणतो, तिसरा नुसता सिग्नलचा दिवा.

हा स्विच नव्वद अंशांत फिरवून जोडणारे पुष्कळ असतात, कारण नऊ पाय चौकोनात बसवलेले असतात आणि चारही बाजूंनी सारखेच दिसतात. पायांच्या चपट्या पट्ट्या आडव्या दिसतील असा धरला, तर उभ्या ओळीतले तीन पाय एका घरातले. पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर बीपवर ठेवा, मधला पाय कोणाशी बोलतो ते बघा, स्विच दाबा, परत बघा. मग डाग द्या.

आणि डाग देताना एकाच पायावर तळ ठोकू नका. दोन-तीन सेकंदांत उचला, पुढचा डाग लांबच्या पायावर. हे पाय प्लॅस्टिकमध्ये रुतवलेले असतात. प्लॅस्टिक मऊ झालं की पाय तिरका होतो आणि आतला कॉन्टॅक्ट रुसतो.

मिक्सरमागची · रविवार, दुपारी २.२०

लाइव्ह साउंड करते, त्यामुळे तुमच्या 'टप्प'ची मी पलीकडच्या बाजूची पीडित आहे. :)

सहातारी, तुमच्या दोन तक्रारी म्हणजे दोन वेगळे आजार आहेत. एकाच गोळीने दोन्ही बरे करायला जाऊ नका. आज दोन गोष्टी करून बघा.

१) डबा चालू करून पहिली लाथ मारा, 'टप्प' किती मोठा ते ऐका. लगेच पाठोपाठ चार-पाच लाथा मारा. आवाज लहान होत जातो का? मग पाच मिनिटं थांबून परत एक.

२) 'अ' वर राहा, खरखर ऐका. आता ब-सेंडची केबल डब्यातून उपटा आणि तिच्या मोकळ्या टोकाची टिप (प्लगचं टोक) आणि बाही (त्यामागची नळी) एखाद्या तारेने जोडा. खरखर जाते का?

सहातारी · रविवार, रात्री १०.१०

ताई, तुम्ही जादूगार आहात का?

१) पहिला 'टप्प' मोठा. लगेच मारलेला दुसरा निम्मा, चौथा-पाचवा जवळजवळ नाहीच. चहा पिऊन आलो, परत मोठा.

२) टिप आणि बाही जोडल्याबरोबर खरखर गायब. तार काढली की परत हजर.

मिक्सरमागची · रविवार, रात्री १०.४५

झालं तर मग.

'टप्प' चं कारण: प्रत्येक पेडलच्या तोंडाशी आणि शेपटीशी एक कपॅसिटर असतो, आतला डीसी बाहेर येऊ नये म्हणून. तो थोडासा झिरपतोच. तुमच्या डब्यात जो लूप बंद आहे त्याचे सेंड आणि रिटर्न पूर्ण लोंबकळत असतात, झिरपलेला चार्ज जायला वाटच नसते. तो साचत राहतो. तुम्ही लाथ मारलीत की साचलेलं सगळं एकदम ॲम्पच्या दारात. पाठोपाठ मारल्यावर साचायला वेळ मिळत नाही, म्हणून आवाज लहान होत गेला.

उपाय स्वस्त आहे. चारही सेंड-रिटर्न जॅकवर टिपपासून ग्राउंडला १ मेगओहमचा एकेक रेझिस्टर. चार्ज तिथून गुपचूप निघून जातो.

खरखरीचं कारण: 'अ' वर असताना तुमच्या डिस्टॉर्शनचं इनपुट मोकळं लटकतंय. मोकळं इनपुट म्हणजे अँटेना, आणि पुढे एवढा गेन. ते पेडल एकटंच ओरडत बसतं. ब-रिटर्न स्विचमध्ये तोडलेला असला तरी पाय एकमेकांपासून काही मिलिमीटरवर आहेत, थोडा आवाज शेजारी पाझरतोच. म्हणून जो लूप वापरात नाही त्याच्या सेंडला ग्राउंड दाखवायला हवं.

'ब' वरची शिट्टीही त्याच शेजारधर्माची. तुमच्या जोडणीत ब-सेंड आणि ब-रिटर्न लागून आहेत. डिस्टॉर्शनमधून मोठा होऊन आलेला आवाज शेजारच्या पायावरून परत इनपुटमध्ये शिरतो. माइक स्पीकरसमोर धरल्यावर होतं तेच, फक्त नखाएवढ्या जागेत.

शंकासुर · सोमवार, सकाळी ८.०५

उत्तम प्रतिसाद, वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका. चार-चार १ मेग लावले तर गिटारचा ट्रेबल जाणार नाही का?

मिक्सरमागची · सोमवार, सकाळी ८.४०

एका वेळी गिटारला दिसतो फक्त चालू सेंडवरचा एक. पेडलचं स्वतःचं इनपुट साधारण ५०० के ते १ मेग असतं, त्याच्याबरोबर समांतर आणखी १ मेग. फरक उन्नीस-वीस. ट्रेबल खरा खातात त्या केबली. मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरा. या डब्यात गिटारची केबल, मग सेंडची, मग पहिल्या पेडलपर्यंतची, अशा जोडून दहा-बारा मीटर सहज होतात, म्हणजे हजाराच्या वर पिकोफॅरड. डब्याच्या आधी एखादं बफरवालं, म्हणजे सिग्नलला जोर देणारं पेडल (ट्यूनर वगैरे) असू दे, काळजी मिटते. फक्त लूपमध्ये फझ फेस जातीचं जुन्या वळणाचं फझ (डिस्टॉर्शनचाच एक प्रकार) असेल तर त्याच्या आधी बफर नको, त्याला थेट गिटारच्या पिकअपशीच बोलायचं असतं.

शंकासुर · सोमवार, सकाळी ९.१५

मग सेंड ग्राउंड करण्यासाठी माझी आयडिया. नवीन स्विच कशाला? तिसऱ्या ओळीत मधे ग्राउंड आहेच. 'अ' वर असताना तिचा वरचा पाय ग्राउंड होतो आणि अ चा एलईडी लागतो. त्याच पायावर ब-सेंडची तार आणून डकवायची. खालच्या पायावर अ-सेंड. एका दगडात दोन पक्षी. हाकानाका (हाय काय, नाय काय)!

स्ट्रोजर_काका · सोमवार, सकाळी ९.५०

शंकासुरा, पक्षी दोन नाही, तीन मरतील. तिसरा गिटारवाला.

'ब' वर गेल्यावर काय होतं ते चालवून बघ. ब-सेंडवर आता गिटारचा आवाज आहे. पण त्याच तारेला अ च्या एलईडीचा मायनस डकवलेला आहे, आणि त्याच्या प्लसला रेझिस्टरमधून ९ व्होल्ट. गिटारचा पिकअप म्हणजे काही हजार ओहमची तांब्याची गुंडाळी, तिचं दुसरं टोक ग्राउंडला. करंटला रस्ता मिळाला! विझायला हवा तो दिवा मिणमिणत राहणार, गिटारच्या तारेवर डीसी चढणार, आणि व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की कुरकुर. टप्प घालवायला निघालास आणि ढोल आणलास.

दिवा आणि आवाज एका पायावर नांदत नाहीत. एक्स्चेंजमध्ये दिव्याचा कॉन्टॅक्ट आणि बोलण्याचा कॉन्टॅक्ट आम्ही कधी एकत्र करत नव्हतो, ते उगाच नाही.

शंकासुर · सोमवार, सकाळी १०.०२

दंडवत, काका. आयडिया मागे घेतो.

सहातारी · सोमवार, दुपारी १.३०

मग एलईडी काढून टाकू का? तिसरी ओळ सेंड ग्राउंड करायला मोकळी होईल.

मांडवीकाठ · सोमवार, दुपारी ३.१०

अजिबात काढू नका. मी गोव्यात लग्नांना, फेस्तांना वाजवतो. काळोखात दिवा नसला की माणूस घाबरून दोनदा लाथ मारतो आणि होता तिथेच परत येतो. एकदा वधू-वराच्या पहिल्या नाचाला, हळुवार वॉल्ट्झला, मी फुल डिस्टॉर्शन दिलं होतं. अजून ऐकवतात.

बारा पायांचा, तीनऐवजी चार ओळींचा फोरपीडीटी मिळतो, तो घ्या. भोक तेच, १२ मिमी.

आणि ॲडॉप्टर लावणार असाल तर पेडलच्या जगात आतली पिन मायनस असते, हे विसरू नका. वायफायच्या डब्याचे ॲडॉप्टर सहसा उलटे, आत प्लस. एलईडीला उलटे ९ व्होल्ट सोसत नाहीत. लाइनमध्ये एक १एन४००१ डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा) टाका, रुपया-दोन रुपयांचा असतो. असाच उलटा ॲडॉप्टर लावून मी एक डिले जाळलाय, म्हणून सांगतो.

स्ट्रोजर_काका · सोमवार, संध्याकाळी ५.३०

फोरपीडीटीची जोडणी लिहून ठेवतो. चार उभ्या ओळी, डावीकडून:

पहिली: मधे गिटार इन, वर अ-सेंड, खाली ब-सेंड.
दुसरी: मधे ग्राउंड, वर ब-सेंड, खाली अ-सेंड. ही मुद्दाम उलटी आहे. गिटार अ कडे गेली की ब जमिनीला, ब कडे गेली की अ.
तिसरी: मधे ग्राउंड, वर अ चा एलईडी, खाली ब चा.
चौथी: मधे ॲम्प आउट, वर अ-रिटर्न, खाली ब-रिटर्न.

ग्राउंडच्या दोन ओळी मुद्दाम मधे घेतल्यात. इनपुटची ओळ आणि आउटपुटची ओळ यांच्यामध्ये आता भिंत उभी राहिली, शिट्टीला वाट नाही. एलईडीचं ग्राउंड वेगळ्या तारेने थेट जॅकपर्यंत न्या, आवाजाच्या बारीक तारेवरून फिरवू नका, नाहीतर दिवा लागण्याचाही टिक ऐकू येईल.

बॅटरी ठेवणार असाल तर गिटार इनला स्टीरिओ जॅक घ्या आणि बॅटरीचा मायनस रिंगला (टिप आणि बाही यांच्या मधल्या कॉन्टॅक्टला). मोनो प्लग आत गेला की रिंग ग्राउंडला टेकते आणि दिवा सुरू. प्लग काढला की बॅटरी झोपली.

सहातारी · गुरुवार, रात्री ११.२०

स्विच पुण्याला तापकीर गल्लीत गेलो तेव्हा मिळाला नाही, शेवटी ऑनलाइन मागवला, आज आला. बसवला. काकांची जोडणी जशीच्या तशी. चार रेझिस्टर लावले.

टप्प गेला. खरखर गेली. शिट्टी गेली.

आणि गिटारही गेली. म्हणजे आवाज येतो, पण रजईखालून. ॲम्प दहावर नेला तरी शेजारच्या खोलीत वाजल्यासारखा. दोन्ही लूपवर तेच. रडू येतंय. सात दिवस.

मिक्सरमागची · गुरुवार, रात्री ११.३१

रेझिस्टरवरचे पट्टे वाचा. आत्ताच्या आत्ता.

सहातारी · गुरुवार, रात्री ११.४४

तपकिरी, काळा, लाल, सोनेरी.

मिक्सरमागची · गुरुवार, रात्री ११.४६

तिसरा पट्टा हिरवा हवा. तुम्ही १ मेगच्या जागी १ के लावलेत. हजारपट कमी. गिटारचा सगळा आवाज त्या रेझिस्टरमधून जमिनीत मुरतोय.

सहातारी · गुरुवार, रात्री ११.५५

दुकानदाराने पुडीवर '१ एम' लिहून दिलं होतं हो! मी पुडी वाचली, रेझिस्टर नाही वाचला.

स्ट्रोजर_काका · शुक्रवार, पहाटे ५.५०

पुडीला डाग देत नसतात, रेझिस्टरला देतात. प्रत्येक नग मीटरवर मोजून मगच बसवायचा. मला हे शिकवणाऱ्या साहेबांनी पहिल्याच महिन्यात माझ्याकडून दोनशे डाग काढून घेतले होते, एका पुडीपायी. तुमचे चारच आहेत, आनंद माना.

शंकासुर · शुक्रवार, सकाळी ८.३०

आगाऊ शंका. ब वर गेल्यावर अ मधल्या डिलेची शेपटी कापली जात असेल ना? म्हणजे घुमणारा शेवटचा स्वर मधेच तुटणार.

मिक्सरमागची · शुक्रवार, सकाळी ९.१०

बरोबर. रिटर्न तुटला की घुमणं तुटलं. दोन्ही रिटर्न मिसळून ठेवायचे तर मिक्सरचं सर्किट लागेल, आणि मग डिस्टॉर्शनची कुजबुजही सोबत येते. सोपा मार्ग: डिले लूपमधून काढा आणि डब्याच्या आउटनंतर ठेवा, ॲम्पच्या आधी. मग दोन्ही लूपना तो मिळतो आणि शेपटी शाबूत. डिस्टॉर्शनवर डिले नको असेल तर मात्र पाय परत वळवावा लागेल. सहातारींनी ठरवावं.

सहातारी · शनिवार, रात्री १.१५

खरे १ मेग लावले. आठ नग मोजले, चार वापरले. आवाज परत आला, डिले बाहेर काढला, तासभर लाथा मारत बसलो. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या की काय ठोकताय. त्यांना लाथांचाच आवाज आला, स्पीकरमधून काहीच नाही!

रिकामा_खिसा · शनिवार, सकाळी १०.००

अभिनंदन. एकूण खर्च किती आला ते सांगा. मी पण करीन म्हणतो.

सहातारी · गणेश चतुर्थी, रात्री १२.४०

@रिकामा_खिसा, पहिला स्विच आणि चुकीचे रेझिस्टर धरूनही तयार डब्याच्या मानाने फारच स्वस्त. एसटीचं भाडं धरलं नाही.

आज पहिला कार्यक्रम झाला. चोवीस गाणी, एकदाही टप्प नाही. मंडपातल्या जनरेटरची घूं आणि तोरणांच्या डिमरची झीं होतीच, पण ती माझ्या सिंगल कॉइल पिकअपची कर्मं. साउंडवाल्याने कार्यक्रम संपल्यावर आपणहून चहा पाजला.

एकच गोष्ट कोणी सांगितली नव्हती. मूर्ती स्टेजवरच मागे, त्यामुळे आम्ही सगळे अनवाणी. फोरपीडीटीची स्प्रिंग थ्रीपीडीटीपेक्षा चांगलीच कडक आहे, आणि बटण बोटाच्या टोकाएवढं, लोखंडी. सहाव्या गाण्यापर्यंत अंगठ्याखाली वळ उठला. मध्यंतरात एका बाटलीचं झाकण उलटं करून बटणावर फेव्हिक्विकने बसवलं. आता पाय ठेवला की कसं गादीवर ठेवल्यासारखं.

मांडवीकाठ · गणेश चतुर्थी, रात्री १२.५२

झाकण कुठल्या बाटलीचं, ते पण लिहा की राव.

सहातारी · गणेश चतुर्थी, रात्री १२.५५

खोबरेल तेलाच्या. निळं. ढोलकीवाला केसांना लावतो.